किनाऱ्याची तुलना किनाऱ्याशीच

दापोली आणि गुहागर तालुक्यांतल्या विहिरींचं सर्वेक्षण होतं. उन्हाळ्यात पाणी खारं होतं का, हो की नाही, एवढंच बघायचं. ‘परिसर’ या रकान्यात तीनच पर्याय: किनाऱ्यालगत, खाडीकाठ, डोंगराळ. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेत त्याचा फॅक्टर केला, म्हणजे ठरावीक पर्यायांचा रकाना; त्यातला प्रत्येक पर्याय ही एक पातळी. मग हो-नाही उत्तरांसाठीचं लॉजिस्टिक मॉडेल चालवलं.

पातळ्यांचा क्रम आपण सांगितला नाही, तर आर त्या वर्णक्रमाने लावतं आणि पहिलीला आधार धरतं. बाकीच्यांची तुलना तिच्याशी. म्हणजे किनारा आधार आणि निकालात दोन ओळी. आल्या तीन. त्यातली पहिली ‘किनाऱ्यालगत’! किनारा किनाऱ्यापेक्षा जास्त खारा निघाला होता, आणि पी-मूल्य ०.०५ च्या खाली, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नव्हता. मॅडमनी स्क्रीनकडे बघून विचारलं, “हा कुठला किनारा रे?”

मोकळ्या जागेचा घोळ असेल म्हणून ट्रिम केलं. काही फरक नाही. युनिकोड नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी सांकेतिक रूपं एका रूपात आणली, तरी पातळ्या चारच. शेवटी ‘किनाऱ्यालगत’ची दोन्ही रूपं अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांत फोडली. फरक एकाच जागी: एकात २३५३, २३८१. दुसऱ्यात २३५२, २३८१, ८२०५.

एकीकडे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसरीकडे साधा ‘र’, हलन्त आणि वर न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्हीकडे तोच आडवा रफार. नॉर्मलायझेशन यांना एक मानतच नाही, त्याच्या लेखी ही दोन वेगळी लेखनं आहेत. खाडीकाठ आणि डोंगराळ यांत ऱ नाही, म्हणून ते बचावले.

पण नुसतं दुहेरी लेखन असतं तर पी-मूल्य इतकं खाली का जावं? नोंदी भरणाऱ्या दादांना फोन लावला. “दापोली माझ्याकडे, गुहागर तिच्याकडे,” ते त्यांच्या सहकारी मुलीबद्दल म्हणाले. ते इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर टाइप करतात, शिफ्ट धरून ‘ऱ’ देतात. ती रोमन अक्षरांतून मराठी लिहिते. म्हणजे मॉडेलने पकडलेला फरक खराच होता, फक्त तो तालुक्यांतला होता, आणि तालुका मॉडेलमध्ये घेतलेलाच नव्हता. मला विचाराल तर त्या दिवसाची खरी कमाई हीच.

दुरुस्ती सोपी. जोडकाचं रूप ‘ऱ’च्या रूपात बदललं. फॅक्टरच्या दोन पातळ्यांना एकच नाव दिलं की आर त्या आपोआप एक करतं. पायथनच्या पांडाज या लायब्ररीत नाव बदलायला गेलो असतो तर वर्ग वेगळेच हवेत म्हणून त्याने अडवलं असतं. मग तालुका मॉडेलमध्ये घातला आणि पुन्हा चालवलं. परिसराच्या दोन ओळी, तालुक्याची एक.

मॅडम उठता उठता म्हणाल्या, “पाण्याच्या स्रोतात ‘झऱ्याचं’ आहे ना?” वारंवारतेचा तक्ता काढला. ‘झऱ्याचं’ दोनदा. आता ती अदलाबदल फाइल वाचल्यावर लगेच होते, फॅक्टर त्यानंतर.