११ जुलै, इवातांचे शनिवार-रविवार आणि आईचा सूर्यनमस्कार

आज ११ जुलै. २०१५ साली आजच्याच तारखेला निन्टेन्डो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता गेले, अवघे ५५ वर्षांचे होते. निन्टेन्डो आवडणारे लोक जगभर या दिवशी काही ना काही लिहितात. मी आजवर कधी लिहिलं नव्हतं, पण यंदा लिहायचंच असं ठरवलं होतं, कारण आमच्या घरी गेले कित्येक शनिवार-रविवार जी धमाल चालू आहे ना, ती या माणसाने स्वतःचे शनिवार-रविवार घालवले म्हणून चालू आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

गेम म्हणजे सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट. दादा अमेरिकेतून आला तेव्हा त्याचा स्विच, म्हणजे निन्टेन्डोचं गेम खेळायचं मशीन, इथेच ठेवून गेला, सोबत हे एकच कार्ट्रिज. मारिओ, पिकाचू, सोनिक, पॅक-मॅन, र्‍यू, अशी वेगवेगळ्या गेम्समधली, वेगवेगळ्या कंपन्यांची कॅरेक्टर्स एकाच स्टेजवर येऊन मारामारी करतात. ताईची दोन्ही मुलं वीकेंडला ठाण्याला आमच्याकडे असतात, मग मी, ती दोघं आणि आई, असे चार जण टीव्हीसमोर.

तर इवातांची गोष्ट. १९९८ च्या सुमारास ते हॅल लॅबोरेटरी या कंपनीचे अध्यक्ष होते. कंपनी मोठ्या कर्जात असताना ९३ साली त्यांच्या हातात दिली गेली आणि त्यांनी ती वर काढली. तिथेच मासाहिरो साकुराई होते, किर्बी हा गेम बनवणारे, तेव्हा विशीतच. निन्टेन्डोच्या तेव्हाच्या मशीनला, निन्टेन्डो ६४ ला, कंट्रोलर लावायच्या चार जागा होत्या आणि साकुराईंच्या डोक्यात होतं की चौघांनी एकत्र खेळायचा फायटिंग गेम हवा. कंपनीत कुणाला वेळ नव्हता. मग प्लॅनिंग, डिझाइन, मॉडेल्स सगळं साकुराईंनी केलं आणि प्रोग्रामिंग कुणी केलं, तर खुद्द अध्यक्षांनी, आठवडाभर कंपनी चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी बसून कोड लिहायचा! त्या पहिल्या नमुन्याचं नाव 'र्‍युओ', यामानाशीतल्या ऑफिसजवळच्या गावावरून ठेवलेलं, आणि त्यात लढणाऱ्यांना धड चेहरेसुद्धा नव्हते, नुसते साधे पुतळे. पण खेळायची सगळी गंमत त्यातच तयार झालेली होती. मारिओ, डाँकी काँग, सॅमस आणि फॉक्स नंतर आले आणि तेही आधी परवानगी न घेता, म्हणजे साकुराईंनी ते घालून चालता नमुना केला आणि मग निन्टेन्डोला दाखवला. २१ जानेवारी १९९९ ला जपानमध्ये गेम आला, १२ कॅरेक्टर्स.

मला यात सगळ्यात जास्त काय आवडतं, तर साकुराईंना हे करावंसं का वाटलं ते. त्यांनी स्वतः सांगितलंय की ते एका आर्केडमध्ये किंग ऑफ फायटर्स ९५ खेळत होते, जोरदार कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग फटक्यांची साखळी, लावून समोरच्याला हरवत होते आणि नंतर लक्षात आलं की पलीकडे एक जोडपं बसलंय, बिचारे नवशिके, सहज खेळायला आलेले. त्यांना खेळायलाच मिळालं नाही. ही गोष्ट माणसाच्या मनाला लागली. जिंकून झाल्यावर समोरच्याचं काय झालं असेल असा विचार किती जण करतात? आणि नुसतं वाईट वाटून ते थांबले नाहीत, त्यांनी मारामारीचा अख्खा हिशोबच बदलून टाकला.

तो हिशोब म्हणजे टक्के. नेहमीच्या फायटिंग गेममध्ये वर एक पट्टी असते, मार खाल्ला की ती कमी होते, संपली की तुम्ही संपलात. स्मॅशमध्ये पट्टीच नाही. तुमचा आकडा ० पासून सुरू होतो आणि मार बसेल तसा वाढत जातो, आणि आकडा जितका मोठा तितके तुम्ही लांब उडता. मरण येतं ते स्टेजच्या बाहेर फेकले गेलात तरच. म्हणजे १५० टक्क्यांवर असलात, आकडा लालभडक झाला असला तरी जोवर परत येऊन स्टेजची कडा पकडता येतेय तोवर तुम्ही खेळात आहात. शिवाय तोच फटका २० टक्क्यांना लागला तर माणूस जरासा सरकतो, ९० ला लागला तर पार आकाशात, त्यामुळे पाठ केलेली साखळी प्रत्येक वेळी जशीच्या तशी बसत नाही, समोर काय घडतंय ते बघून हात चालवावा लागतो. ज्याने तासन् तास सराव केलाय त्यालाही बघावं लागतं आणि ज्याने आज पहिल्यांदा कंट्रोलर धरलाय त्यालाही. माझ्या मते व्हिडिओ गेमच्या इतिहासातल्या सगळ्यात सुंदर कल्पनांमध्ये ही एक आहे आणि तिच्यावर जितकं बोलायला हवं तितकं बोललं जात नाही.

धाकटा भाचा सात वर्षांचा आहे, किर्बी घेतो. किर्बी हवेत फुगून पुन्हा पुन्हा उडी मारू शकतो म्हणून खाली पडला तरी तरंगत तरंगत वर येतो. त्याचा आकडा नेहमीच सगळ्यांपेक्षा जास्त, आणि त्याला त्याचं वाईट अजिबात वाटत नाही उलट मोठ्याने ओरडून सांगतो, मावशी मी एकशे बत्तीस आहे! जणू मार्क मिळालेत. आणि मग तेवढ्यात कुठलीतरी बेसबॉलची बॅट उचलतो आणि मला थेट स्क्रीनच्या बाहेर. पट्टीवाला गेम असता तर तो दहा सेकंदांत बाद होऊन बाजूला बसला असता आणि रडला असता.

बटणं पण बघा. एक मारायचं, एक स्पेशलचं, आणि त्यांच्याबरोबर दिशा. वर, खाली, बाजूला किंवा काहीच नाही. बस. एका कॅरेक्टरचं जमलं की दुसऱ्याचं निम्मं जमलंच. दादा मात्र लहानपणापासून स्ट्रीट फायटरवाला, त्याला हे फार बाळबोध वाटलं होतं सुरुवातीला. मग त्याने र्‍यू घेतला आणि जुन्या सवयीने स्टिक खालून पुढे पाव वर्तुळ फिरवून हाडोकेन, म्हणजे त्याचा ऊर्जेचा गोळा, मारला तर तो साध्या बटणापेक्षा जोरात गेला. गेमने त्याची ती मेहनत ओळखली! बटण दाबूनही हाडोकेन निघतो, पण ज्याने मूळ गेममध्ये ती हालचाल शिकलीय त्याला इथे थोडं जास्त मिळतं. दादाचा चेहरा काय खुलला होता. नवशिक्याला सोपं करताना जाणकाराचा अपमान करायचा नाही, हे किती बारकाईने सांभाळलंय.

आणि आता आई. आईला गेम वगैरेत कधीच रस नव्हता, ती शेजारी बसून भाजी निवडायची आणि आवाज कमी करा म्हणायची. कॅरेक्टर निवडायची पाटी उघडली होती आणि भाचीने असंच बघायला म्हणून व्ही फिट ट्रेनर घेतली. ही कॅरेक्टर म्हणजे निन्टेन्डोच्या व्यायामाच्या गेममधली शिक्षिका, तिथे लोकांना आसनं शिकवायची, २०१४ च्या स्मॅशपासून इथे लढतेय. तिने स्पेशलला हात वर जोडून ताणले आणि एक प्रकाशाचा गोळा सोडला. आई म्हणाली, थांब थांब, ही नमस्कार घालतेय का गं? खरंच, त्या स्पेशलचं नावच सूर्यनमस्कार आहे. आई आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सकाळी बायकांचा योगवर्ग घेते, तिला ते बघून काय वाटलं असेल! पुढचा अर्धा तास मग तिने आम्हाला एकेक चाल करून दाखवायला लावली. जोरात वर मारलं की वृक्षासन, जोरात पुढे मारलं की वीरभद्रासन, आणि खालचं स्पेशल म्हणजे दीर्घ श्वसन, त्यात एक वर्तुळ आकसत येतं आणि बरोबर वेळेला बटण दाबलं की थोडे टक्के कमी होतात आणि काही काळ ताकद वाढते. आईचं म्हणणं, बाकी ठीक आहे पण नमस्कार एवढ्यावर संपत नाही, पुढच्या स्थिती कुठायत? आणि मग म्हणाली, दे इकडे ते.

तेव्हापासून आई खेळते. चष्मा लावून, पाठ ताठ ठेवून. स्विचचा कंट्रोलर दोन भागांत निघतो, प्रत्येक अर्धा आडवा धरून एकेकाला खेळता येतं, तो आईच्या हाताला बरोबर बसतो. ती हरते, बऱ्याचदा हरते, पण तिचा गोळा कुणाला लागला की ती ज्या आवाजात "गेला!" म्हणते तो मी तिच्या तोंडून कॅरम सोडून कधी ऐकला नव्हता.

थोरली भाची मात्र आता इंटरनेटवर स्पर्धांचे व्हिडिओ बघायला लागलीये आणि तिचं म्हणणं, खरा स्मॅश म्हणजे बॅटसारख्या वस्तू बंद, सपाट स्टेज, एकास एक. यावर आमचं बरंच बोलणं झालं आणि मला तिचं पटतंसुद्धा. २००१ चा मेली बघा, म्हणजे दुसरा स्मॅश, निन्टेन्डोच्या गेमक्यूब या मशीनवरचा. साकुराईंनी तो तेरा महिने रविवार-सुट्टी न घेता बनवला आणि तरी शेवटी तारीख हुकायची वेळ आली होती, तेव्हा इवाता निन्टेन्डोत मोठ्या हुद्द्यावर गेलेले असूनही यामानाशीला हॅलमध्ये येऊन बसले आणि बग शोधून काढले, सुमारे तीन आठवडे. इंजिनियर म्हणून प्रत्यक्ष केलेलं ते आपलं शेवटचं काम असं त्यांनी नंतर सांगितलं होतं. त्या मेलीवर लोकांनी एवढं प्रेम केलं की जुने जाडे टीव्ही जपून ठेवून ते अजून तो खेळतात. २०१३ ला लास व्हेगासच्या इव्हो या फायटिंग गेम्सच्या स्पर्धेत शेवटची जागा कुठल्या गेमला मिळणार हे देणगीवरून ठरणार होतं, स्तनाच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमा होत होते, तर मेलीवाल्यांनी ९४ हजार डॉलरच्या वर उभे केले आणि जागा मिळवली. बारा वर्षं जुन्या गेमसाठी!

पण त्यापुढच्या स्मॅशमध्ये, २००८ च्या ब्रॉलमध्ये, साकुराईंनी वेग मुद्दाम कमी केला, धावायला लागताना कॅरेक्टर अचानक अडखळून पडायचं असंही घातलं, मेली नवशिक्यांना फार अवघड झाला होता असं त्यांना वाटत होतं म्हणून. अडखळणं मला पटत नाही, ते काढून टाकलं ते उत्तम केलं, कारण त्यात चांगल्या खेळाडूचं नुकसान होतं आणि नवशिक्याचा काही फायदा होत नाही. पण त्यामागची काळजी मला कळते. आर्केडमधलं ते जोडपं त्यांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. भाचीला मी एवढंच म्हटलं की तू एकास एक शीक, खूप शीक, मी पण शिकेन तुझ्याबरोबर, पण आजी बसली असेल तेव्हा वस्तू चालू आणि चौघं एकत्र. तिने मान्य केलं. आता ती आजीला कडा कशी पकडायची ते शिकवते, स्वतः थांबून, न चिडता.

अल्टिमेट ७ डिसेंबर २०१८ ला आला. आधीच्या प्रत्येक स्मॅशमधलं प्रत्येक कॅरेक्टर परत आणलं, आइस क्लाइंबर्स सुद्धा, जे २०१४ ला ३डीएस या हातात धरायच्या छोट्या मशीनच्या ताकदीत बसेनात म्हणून वगळावे लागले होते, आणि स्नेकसुद्धा. नंतर भर पडत पडत एकूण ८९. शेवटचा आला किंगडम हार्ट्स या गेममधला सोरा, ऑक्टोबर २०२१ मध्ये. २०१५ ला लोकांकडून मतं मागवली होती की कोण हवं, त्यात पहिला नंबर सोराचा होता, हे साकुराईंनी तेव्हा उघड केलं. म्हणजे इवाता हयात असताना ज्या मतदानाची सुरुवात झाली त्याचं उत्तर द्यायला सहा वर्षं लागली आणि ते दिलं. साकुराईंनी असंही सांगितलंय की अल्टिमेट ही इवातांनी त्यांच्यावर सोपवलेली शेवटची कामगिरी होती. हे वाचल्यापासून त्या ८९ चेहऱ्यांची पाटी उघडली की मला गलबलून येतं, खरं सांगते.

माझ्या लहानपणी आमच्याकडे टीव्ही गेम होता, कॅसेट फुंकून घालायचा, त्यात मारिओ होता पण निन्टेन्डो हे नाव कुणी घेत नव्हतं. आजही स्विच बहुतेकदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर परदेशातल्या कुणाला तरी सांगून आणला जातो. तरी त्या जपानी ऑफिसात सुट्टीच्या दिवशी लिहिलेलं काहीतरी आमच्या आईपर्यंत पोचलं.

पुढचा स्मॅश कधी आणि कसा येईल, त्यात सगळे असतील का, साकुराईंनीच म्हटलंय की सगळ्यांना एकत्र आणणं पुन्हा जमेल असं धरू नका. चालेल. निम्मी कॅरेक्टर्स गेली तरी मी घेईन. टक्के राहू देत, चार कंट्रोलर राहू देत, आणि एवढी एक विनंती की व्ही फिट ट्रेनरला काढू नका, आईला दीर्घ श्वसनाची वेळ आता कुठे साधायला लागलीये.