काळा काय खेळेल?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेबद्दल चार शब्द लिहा, असा समितीचा निरोप आला. शाळेबद्दल बाकीचे लिहितीलच. मी लिहिणार ते सरांबद्दल. कोणते सर, हे आमच्या वेळच्या कुणाला सांगावं लागणार नाही.

शनिवारी शाळा सुटली की प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत बुद्धिबळाचा पट मांडला जायचा. सरांचा लाडका डाव एकच. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात पॉल मॉर्फी हा ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इसुआर या जोडीविरुद्ध खेळला, तो. अवघ्या १७ चालींचा. आम्हा पोरांचा सगळा जीव सोळाव्या चालीच्या वजिराच्या बलिदानावर. सरांना त्याचं कौतुक बेताचंच. ‘‘पुढच्या चालीला मात दिसतेय, तिथे वजीर कुणीही देईल. दहाव्या चालीला घोडा का दिला, ते सांगा.’’

काळ्यानं बी-५ या घरात प्यादं आणून पांढऱ्या उंटाला हटकलेलं. उंट मागे घ्यावा, तर काळ्याला उसंत मिळते. मॉर्फीनं घोड्यानं ते प्यादंच मारलं. काळ्यानं घोडा मारला, की उंट आणखी एक प्यादं मारतो. घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी, म्हणजे कागदावर तोटा. पण सर पटावरून बोट फिरवत नेत. काळा राजा अजून मधोमध, एफ-८ चा उंट आपल्याच वजिरामागे कोंडलेला, एच-८ चा हत्ती जागचा हललेला नाही. (ते दोघे शेवटपर्यंत हललेच नाहीत!) ‘‘पटावरची मोहरी मोजू नका, लढणारी मोजा,’’ असं म्हणत आणि लगेच विचारत, ‘‘बरं, काळा काय खेळेल?’’

त्यावर एकदा आठवीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, तो घोडा मारायचाच कशाला? वजिरानं बी-४ वर शह दिला तर?’’

सर गप्प. त्यांनी चाली मांडून पाहिल्या. वजिरावजिरी होते, कोंडलेला उंट शह देतच बाहेर पडतो. प्यादं जातं, पण मात टळते. ‘‘इतकी वर्षं शिकवतोय, हे मला दिसलंच नव्हतं,’’ असं सगळ्यांसमोर म्हणून सरांनी ती चाल तिच्या नावासकट आपल्या वहीत उतरवली. शिक्षक म्हणून मला त्यांच्यापुढे दुसरं कुणी दिसत नाही.

आज मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. काही जण राज्य स्पर्धांत चमकलेही. पण बलिदान बरोबर की चूक, हे संगणक क्षणात सांगतो आणि ‘का?’ विचारण्याआधीच मुलं पुढच्या डावाकडे वळलेली असतात. आपली ती खोलीही आता संगणक कक्ष झाली म्हणे.

आठवीतली ती मुलगी मेळाव्याला येणार असेल, तर समितीनं कृपया कळवावं. वजीर गेल्यावर पांढऱ्यानं सी-३ खेळून उंटाला हटकलं तर पुढे काय, हे तिच्याशी बोलायचं राहून गेलंय.