तीन हलकी, पाच जड

कुडाळच्या माझ्या वर्कशॉपात येतात त्या बहुतेक १२ बोअरच्या नाहीतर ठासणीच्या, शेतीसंरक्षण परवान्यावरच्या बंदुका. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत, आणि घरी आली की नळीला गंज. त्यावर कुणीतरी हौसेने खोबरेल चोपडलेलं असतं. ते पावसाळ्यानंतर गुळासारखं चिकटतं आणि खरवडायला मी असतोच.

त्यामुळे वेंगुर्ल्याकडच्या एका काजू बागायतदारांनी गोणपाटातून जे काढलं ते बघून मी हातातला चहा खाली ठेवला. एकनळी, खाली सरकणाऱ्या ठोकळ्याची, म्हणजे फारकर्सन पद्धतीची रायफल. नळीच्या तोंडात माझी करंगळी सहज गेली. पणजोबांनी मापं पाठवून विलायतेहून करून घेतलेली, असं घरात सांगत आलेले. वारस म्हणून परवाना यांच्या नावावर झालेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर अशा रायफलीला काम असं काही उरलेलं नाही, पण विकायची की ठेवायची हे ठरवण्याआधी ती धड आहे का ते त्यांना हवं होतं.

"काडतुसां पण आसत," म्हणत त्यांनी पत्र्याचा डबा उघडला. आठ होती. त्यातलं एक मी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, सरकवलं, अगदी मापात बसलं. "मगे वाजवून बघूया!"

वाजवली नाही, हे माझं नशीब.

आधी चेंबरचं माप घेतलं. बाहेरदेशी त्यासाठी खास मिश्रधातू मिळतो, आमच्याकडे गंधक. आंब्याच्या भुरीवर मारतात ते पाण्यात मिसळायचं नव्हे, शुद्ध. नळीत चिंधीचा बोळा बसवला, लोखंडी पळीत मंद आचेवर गंधक वितळवलं (आच वाढली की ते काळं पडून घट्ट होतं आणि सगळी मेहनत वाया), काजळी घालून ओतलं. घरातून वासाबद्दल यथास्थित बोलणी खाल्ली. थंड झाल्यावर मागून निघाला तो चेंबरचा नेमका ठसा. व्हर्नियर लावला: खोली तीन इंच, गोळीची जागा साधारण १३ मिलिमीटर. म्हणजे .५०० एक्सप्रेस.

इथे खरी मेख आहे. याच तीन इंची काडतुसात तीन वेगवेगळे भार येत. पहिला काळ्या दारूचा. दुसरा कॉर्डाइटचा, म्हणजे बिनधुराच्या दारूचा, पण हलका, काळ्या दारूच्या ताकदीच्या नळ्यांना झेपेल असा: ५५ ग्रेन कॉर्डाइट, ४४० ग्रेनची गोळी (ग्रेन हे जुनं इंग्रजी वजन, ग्रॅमला साधारण साडेपंधरा). तिसरा पूर्ण नायट्रो, म्हणजे त्याच बिनधुराच्या दारूचा पुऱ्या ताकदीचा: ८० ग्रेन कॉर्डाइट, ५७० ग्रेनची, म्हणजे जवळपास ३७ ग्रॅमची गोळी. तिन्ही एकाच चेंबरमध्ये बसतात. नळीला कुठला झेपतो हे चेंबर सांगत नाही.

ते सांगतो शिक्का. पुढचा लाकडी हात सोडवला आणि नळीच्या पोटावरचा गंज रॉकेल व तांब्याच्या तारेने दुपारभर घासला. आधी मुकुट दिसला, त्याखाली एनपी. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा, म्हणजे नळ्या तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचा, हा नायट्रोचा शिक्का १९०४ पासूनचा, तेव्हा वयही कळलं. मग भिंगाखाली आकडे: ५५, ४४०. म्हणजे दुसरा, हलका भार.

आठही काडतुसं घेऊन सोनाराकडे गेलो. त्याने डोळे मोठे केले, पण काटा दिला. दिसायला सारखीच, पण पाच काडतुसं बाकीच्या तिघांपेक्षा दहा-दहा ग्रॅम जड. मी चेंबरमध्ये सरकवून बघितलं होतं ते जडांपैकीच.

परवानगी काढून आम्ही पोलिसांच्या फायरिंग रेंजवर गेलो. जुना टायर, त्यात रायफल बांधली, चापाला वीस पावलांवरून दोरी. पहिलं हलकं काडतूस: टक. बस्स. आर्मरर हवालदारांनी हात वर करून सगळ्यांना जागीच थांबवलं. जुना बार उशिरानेही उडतो. त्या काही मिनिटांत माडावरचा कावळासुद्धा ओरडला नाही, असं मला तरी वाटलं. शेवटी ते काढून बाजूला ठेवलं. दुसरं उडालं, टायर हातभर मागे सरकला. रिकामं काडतूस उन्हात फिरवून बघितलं, कुठे चीर नाही.

तिसरं खांद्यावरून, मीच. ५० मीटरवर भोक पडलं ते नेमाच्या चार बोटं वर. बरं म्हणायचं. पण दस्त्याने माझा गाल असा फोडला की डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मग दस्त्यावर दोरी ताणून बघितली: तो डावीकडे वळवलेला.

"पणजोबा डावखुरे होते काय?"

"होय तर! आमच्या घरात सगळेच डावरे." त्यांनी रिकामी रायफल डाव्या खांद्याला लावली. अंगावर शिवलेल्या सदऱ्यासारखी बसली.

न उडालेलं आणि ती पाच जड काडतुसं पंचनामा करून पोलिसांकडे दिली. हवालदार आकडा लिहीत असताना बागायतदार मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "काका, ही पाच हिची न्हय, तर मग ती दुसरी बंदूक खंय गेली?"