अष्टग्रहीचा खून : नववं प्रकरण गेलं, पण...

मी लिहीत असलेल्या या रहस्यकादंबरीतल्या ज्या गच्चीच्या प्रसंगाबद्दल मागच्या वेळी मी एवढा मिरवलो होतो, तो काल रात्री बाद झाला.

आठवत असेल, 3 फेब्रुवारी 1962 ची रात्र, म्हणजे अष्टग्रहीची: मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले आणि जग बुडणार म्हणून लोक घाबरले, तेव्हाची. दामलेमास्तर गच्चीवरून शपथेवर सांगतात, "चांदणं लख्ख होतं, बोळात सावकाराच्या कारकुनाशी झटापट करणारा मी ओळखला." चार वेळा लिहिलाय हा प्रसंग. काल सहज स्टेलॅरियम (कुठल्याही दिवशीचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं, पुणे टाकलं, वेळ रात्री साडेदहा. आकाशात चंद्रच नाही! पौष वद्य चतुर्दशी, कुठून असणार? दोन वर्षं अष्टग्रही-अष्टग्रही करतोय आणि मकरेत सूर्याशेजारी चंद्र म्हणजे अवसेचा अंधार, एवढं डोक्यात आलं नाही. (स्टेलॅरियम फुकट आहे. ज्योतिषाची पैसे भरून घेतलेली अ‍ॅप्स काढून टाका.)

तासभर कपाळाला हात लावून बसलो. मग म्हटलं, मास्तरांनाच खोटं बोलू द्या की! त्यात आणखी गंमत म्हणजे मास्तर गच्चीवर गेले होते "आठ ग्रह एकत्र बघायला". पण केतू दिसायची वस्तूच नव्हे, आणि बाकीचे सगळे सूर्याच्या पंधरा-सोळा अंशांत, त्याच्याबरोबर उगवणार, त्याच्याबरोबर मावळणार. त्या रात्री बघायला काहीही नव्हतं. सबंध गाव ज्याला घाबरलं होतं, ते कुणालाच दिसत नव्हतं. आपले निवृत्त फौजदार निसन हटच्या, म्हणजे पूरग्रस्तांच्या अर्धगोल पत्र्याच्या घराच्या, दारात विडी विझवत एवढंच विचारतात, "मास्तर, गुरू कुठल्या बाजूला होता हो?" मास्तर पूर्वेला बोट दाखवतात. हे वाक्य जमलं तेव्हा रात्री दीड वाजता मी चहा टाकला.

वाचकाला फसवल्यासारखं नको, म्हणून तिसऱ्या प्रकरणात प्रलय टळावा म्हणून केलेल्या यज्ञाच्या वर्गणीची पावती येते, तिच्यावर तिथी छापलेली. बास. पानशेत धरण फुटल्याचा संदर्भ मात्र कमी करणार नाही. 12 जुलै 1961 ला ज्यांनी लकडी पुलावरून पाणी जाताना पाहिलं, त्यांना सात महिन्यांनी कुणी प्रलय सांगितला तर ते हसणार कसे?

आता पंचांगाचं रडगाणं. एका जुन्या पुस्तकवाल्याकडून शके 1883 चं मागवलं, आलं 1884 चं. गृहस्थाने 1962 मधून 78 वजा केले आणि मोकळा झाला. अहो, फेब्रुवारी पाडव्याच्या आधी येतो, 79 वजा करायचे!

आणि हे टाइप करता करताच सुचतंय. खुन्यानेही हीच चूक केली तर? कारकुनाच्या नावची कर्जमाफीची चिठ्ठी, जग बुडणार म्हणून लिहून दिलेली, तारीख पौष वद्य 14, शके 1884. म्हणजे ती लिहिली पाडव्यानंतर, हाताला नवं साल बसल्यावर! पौष 1884 तर अजून उजाडायचाय.

पण मग कथा 5 फेब्रुवारीच्या पहाटे संपवता येत नाही. जग बुडालं नाही, निवडणूक झाली, गुढ्या उभारल्या, आणि फौजदार अजून चौकशी करतायत. यज्ञाचं बारावं प्रकरण निम्मं कापावं लागेल. कापतो.

ते 1884 चं पंचांग परत पाठवायला बांधून ठेवलं होतं. आत्ताच सुतळी सोडली.