मावशीला एडिटर केलं

मंगळवार, रात्र

‘इन्स्पेक्ट’ हा प्रकार आज कळला. ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावर राइट क्लिक करून तो निवडला की पानामागचं एचटीएमएल, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात ती, उघडतं. एका भल्यामोठ्या संकेतस्थळाच्या मथळ्यावर डबल क्लिक केलं, तिथे माझं नाव टाकलं, एंटर दाबलं आणि मथळा बदलला की! रिफ्रेश केल्यावर मात्र सगळं जिथल्या तिथे.

ब्राउझरकडे येते ती पानाची प्रत. तिच्यावर मी काय वाट्टेल ते खरडावं, मूळ पानाला धक्का लागत नाही. ते बदलायचं तर सर्व्हरनं, म्हणजे मूळ पान ठेवलेल्या संगणकानं, ओळखायला हवं की ही बाई कोण आणि हिला काय करायची मुभा आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संशोधन संस्थेत लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचताही यायचं आणि संपादितही करता यायचं, हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे मूळ कल्पनेतच वाचणारा आणि लिहिणारा असे दोन पंथ नव्हते.

एचटीएमएल वाटलं होतं तेवढं बिकट नाही. टॅग, म्हणजे कोनी कंसातली खूण, उघडायचा, मजकूर लिहायचा, टॅग बंद करायचा. एच-वन ते एच-सिक्स या शीर्षकांच्या पातळ्या. अक्षर मोठं दिसावं म्हणून ते टॅग लावायचे नसतात, कारण स्क्रीन रीडर, म्हणजे पान मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारी माणसं शीर्षकांवरूनच पानात इकडून तिकडे जातात. सगळ्यात जास्त वेळ मात्र एका ओळीपाशी थांबले, मेटा टॅगमधल्या चारसेट यूटीएफ-८ पाशी. अक्षरं बाइटांमध्ये कशी साठवली आहेत ते ती ओळ ब्राउझरला सांगते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं साधं ‘क’सुद्धा तीन बाइट घेतं. ब्राउझरनं चुकीची पद्धत धरली की तो त्या बाइटांची वेगवेगळी चिन्हं करून दाखवतो आणि मराठी मजकुराच्या जागी अगम्य खुणांची रांग लागते. मराठीत लिहिणाऱ्यानं ही ओळख आधी करून घ्यावी, रंगबिंग नंतर.

संध्याकाळी मावशीचा फोन. आमच्या गटाच्या साइटवरचं कार्यक्रमांचं पान तिला सांभाळायचंय.

“अगं, तुझा पासवर्डच पाठव ना. कशाला एवढा घोळ?”

“नाही गं मावशी, तुझं वेगळं खातं काढते.”

तिला ते जरा लागलं, आवाजावरून कळलं. पण विश्वासाचा इथे संबंधच नाही. एकाच खात्यातून दोघी शिरलो तर कुठला बदल कुणी केला ते कळणार नाही, आणि उद्या एकीला थांबवायचं म्हटलं तर पासवर्ड दोघींचाही बदलणार.

तिच्या खात्याची भूमिका, म्हणजे तिला काय काय करता येईल ते, ठरवताना पंचाईत झाली. साइट वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. तिथला कॉन्ट्रिब्यूटर लिहू शकतो, प्रकाशित करू शकत नाही. कमीत कमी अधिकार द्यावेत म्हणून तोच निवडणार होते, पण त्याला फक्त पोस्ट, म्हणजे ब्लॉगसारखे लेख, लिहिता येतात, आणि कार्यक्रमांची यादी आहे ‘पेज’वर, म्हणजे साइटच्या कायमच्या पानावर. ऑथरचीही तीच गत. शेवटी एडिटर. त्याला सगळ्यांचा मजकूर बदलता येतो, अगदी माझाही. प्लगइन (साइटला लावायच्या जादा सोयी), थीम (साइटचं रूप) आणि नवीन माणसं घेणं तेवढं अॅडमिनकडे, म्हणजे माझ्याकडे, राहतं. एका पानासाठी इतकं द्यावं लागतं हे मला काही पटलेलं नाही, पण अॅडमिन करून मोकळं होण्यापेक्षा बरं.

“आणि माझ्या हातून काही उडालं तर?” मावशी.

म्हटलं, प्रत्येक अपडेटची जुनी आवृत्ती ‘रिव्हिजन्स’मध्ये असते, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघता येतात, जुनी परतही आणता येते. बिनधास्त कर.

तासाभरात तिचं पहिलं अपडेट आलं. रिव्हिजन्स उघडलं, तर तिच्या नावापुढे माझा प्रास्ताविकाचा आख्खा परिच्छेद लाल रंगात. उडवलाय. बदल्यात हिरव्यात एकच ओळ: ‘कार्यक्रमांची यादी खाली आहे.’

तिचंच राहू दे.