नारिताला नऊ तास, टोकियोच्या नादी न लागता

लेकीकडे लॉस एंजेलिसला जाताना यावेळी मुद्दाम जपानवरून जाणारं तिकीट काढलं, एक तर थोडं स्वस्त पडत होतं आणि नवऱ्याला एकदा तरी जपान बघायचं होतं. मुंबईहून संध्याकाळी निघून सकाळी पावणेआठला नारिता, पुढचं विमान संध्याकाळी पाचला. नऊ तास म्हणलं की वाटतं टोकियो आरामात होईल, नवऱ्याने तर आसाकुसाचं देऊळ, मग शिबुयाचा तो गर्दीचा चौक असा सगळा प्लॅन कागदावर काढलेला. मी म्हणलं आधी हिशोब मांड. इमिग्रेशन होऊन बाहेर यायला सव्वानऊ, पाचच्या विमानाला अडीचपर्यंत परत, म्हणजे हातात पाच तास. आणि नारिता एअरपोर्ट मुळात टोकियोत नाहीच, तो चिबा प्रांतात, टोकियो तिथून साठेक किलोमीटर. जाण्यायेण्यातच अडीच तास गेले की राहिलं काय, देवळाबाहेर फोटो काढायचा आणि पळत सुटायचं. त्यापेक्षा नारिता नावाचं गावच आहे ना, ट्रेनने दहा मिनिटांवर, हजार वर्षांचं देऊळ असलेलं. नवरा दोन दिवस घुश्श्यात होता.

व्हिसाचं सांगते कारण इथेच बरेच जण फसतात. एअरपोर्टच्या बाहेर पाऊल टाकायचं तर आपल्या पासपोर्टला जपानचा व्हिसा लागतो, अमेरिकेचा असला तरी तो इथे चालत नाही. 2024 च्या एप्रिलपासून भारतीयांना पासपोर्टवर स्टिकरऐवजी ई-व्हिसा मिळतो, कागदपत्रं व्हिसा सेंटरमध्येच द्यायची. गंमत अशी की हा व्हिसा फोनवर ऑनलाइन उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट नाही, प्रिंट नाही. मी आपली शहाण्यासारखी दोन प्रिंट काढून फाइलला लावलेल्या. एअरपोर्टचं फुकट वायफाय चालू होतं म्हणून निभावलं. आणि तो सिंगल एन्ट्री असतो, त्यामुळे येताना पुन्हा नारिताच असेल तर आतच बसायचं.

मोठ्या बॅगा मुंबईलाच थेट लॉस एंजेलिसपर्यंत टॅग करून घेतल्या होत्या, हातातल्या दोन लॉकरमध्ये टाकल्या (शंभरची नाणी जवळ ठेवा). सेव्हन इलेव्हनच्या एटीएममध्ये आपलं कार्ड चाललं, दहा हजार येन काढले. ट्रेन खालीच, तळघरात. इथे आमचा घोळ व्हायचाच होता, समोर टोकियोला जाणारी चकचकीत गाडी उभी, नवरा निघालाच होता चढायला. त्या फास्ट गाड्या वेगळ्या लाइनने जातात, नारिता गावात येतच नाहीत. केइसेई नावाच्या रेल्वे कंपनीची, मेन लाइनची साधी गाडी पकडायची, उतरायचं केइसेई-नारिता, तिकीट तीनशे येनच्या आत.

स्टेशनपासून देवळापर्यंतच्या रस्त्याला ओमोतेसांदो म्हणतात, वळत वळत उतारावर जाणारा, दोन्ही बाजूंना जुनी लाकडी दुकानं. थेट आळंदीला देवळाकडे जाताना असतात तशी, फक्त कुणी हाका मारत नाही. या गावाची खासियत म्हणजे उनागी, ईल मासा. 1910 पासूनचं कावातोयो नावाचं दुकान आहे, तिथे दारातच लाकडी पाटावर मासे पाठीकडून चिरत बसलेले असतात, भसाभस. माझा गुरुवार होता, मी तोंड फिरवून पुढे गेले. नवऱ्याला म्हणलं येताना खा, आधी अकराचा होम गाठायचाय.

हो, होमच. शिन्शोजी हे शिंगोन पंथाचं बौद्ध देऊळ, 940 सालचं, आणि तिथे रोज दिवसातून चार-पाच वेळा अग्नी पेटवून विधी करतात त्याला नाव आहे गोमा. गोमा म्हणजे आपला होम! देव फुदो म्योओ, फुदो म्हणजे न हलणारा, संस्कृतात अचल. हातात तलवार आणि पाश, मागे ज्वाळा. हे मी वाचून गेले होते तरी आत गेल्यावर जे झालं त्याची तयारी नव्हती. चपला पिशवीत घालून चटईवर बसलो, मग तो भला मोठा ढोल एकदम धाडकन वाजला, छातीत धडकी भरली, आणि पुजारी लाकडाच्या बारीक काड्या एकावर एक रचून आगीत घालायला लागले. ज्वाळा चांगली उंच. सगळे एका सुरात काहीतरी म्हणतायत, नोमाकु सान्मान्दा, बाजारादान, सेन्दा, माकारोशादा... नंतर शोधलं तेव्हा कळलं की नोमाकु म्हणजे नमः आणि सेन्दा माकारोशादा म्हणजे चण्ड महारोषण. बाराशे वर्षांपूर्वी कुकाई नावाचा भिक्षू चीनमध्ये जाऊन हे सगळं शिकून आला, आणि चीनला ते आपल्याकडून गेलेलं. तुपाच्या जागी तेल आणि स्वाहाच्या जागी ढोल, बाकी वास तोच. शेवटी लोक रांग लावून आपल्या पर्स, पाकिटं पुजाऱ्यांकडे देतात, ते ती आगीजवळ धरून परत देतात. मी दोन्ही पासपोर्टांची पिशवी दिली आणि परत हातात येईपर्यंत श्वास रोखून बसले. नवरा, जो घरी सत्यनारायणालाही मोबाइल बघतो, तो धूर अंगावर घेत उभा होता.

तिकीट नाही काही नाही. वेळा तारखेप्रमाणे बदलतात तेवढं बघून जा. शेजारी 1712 चा तीन मजली पॅगोडा आहे, रंगीत, अगदी नटलेला, आणि मागे मोठी बाग. बाग आम्ही अर्धीच केली, गुडघे बोलायला लागले.

येताना नवऱ्याने नंबर लावून, अर्धा तास थांबून, तीन हजार येनच्या वर मोजून तो भातावरचा मासा खाल्ला आणि टोकियोचं नाव काढलं नाही. मी योकान घेतलं, लाल चवळीसारख्या अझुकी डाळीचं, साखर आणि समुद्रातल्या शेवाळापासून केलेलं अगार घालून घट्ट केलेली वडी, शाकाहारी. थंड पुरणाची वडी खाल्ल्यासारखं लागतं, वेलदोडा तेवढा घालायचा राहिलाय असं वाटतं. शिवाय चिबाचे भाजलेले शेंगदाणे, आणि तेप्पोझुके नावाचं लोणचं, काकडीसारख्या फळात पानात गुंडाळलेली मिरची भरून सोया सॉसमध्ये मुरवतात. जावयाला तिखट आवडतं म्हणून दोन पाकिटं घेतली.

पावणेदोनच्या गाडीने परत, वेळ चिक्कार होता. सिक्युरिटीला मात्र लोणचं गेलं. पाण्यातलं म्हणजे लिक्विड, नियमच आहे, मीच विसरले आणि मोठ्या बॅगा तर केव्हाच पुढे गेलेल्या. त्या मुलीने पाकिटं उचलताना कमरेत वाकून माफी मागितली, मीही वाकले, ती परत वाकली, मागची रांग थांबली. योकान पोचलं, जावयाने एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, आई, याला तूप लावायचं का?