एकच शेरा, तीन वेळा

गाडी बघताक्षणी आवडली होती. आठ वर्षं जुनी, एकाच मालकाने वापरलेली, आतून स्वच्छ, चारही टायर कोरे. मालक स्वतःहून म्हणाले, "दर वर्षीच्या सुरक्षा तपासणीत एकदाही नापास झालेली नाही." मी टोकन द्यायच्या बेतात होतो. बरोबर आलेला मावसभाऊ वर्कशॉपमध्ये काम करतो. त्याने मला बाजूला घेतलं. "पास झाली हे ऐकलंस. कागद वाचलेस का?"

नव्हते वाचले. मालकांनी दाखवला होता तो फक्त शेवटचा अहवाल, आणि त्यातही माझी नजर 'पास' या एकाच शब्दावर गेली होती. मी आधीचे सगळे अहवाल मागितले. त्यांनी कुरकुर न करता दोन दिवसांत पाठवले, हे मुद्दाम सांगतो, कारण माणूस वाईट नव्हता.

अधिकृत नोंदीशी ते ताडून बघायला गेलो तर गाडी सापडेचना. चूक माझीच होती. चेसिस नंबर टिपताना मी शून्याच्या जागी ओ लिहिला होता. हा नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. नंबर प्लेट बदलू शकते, चेसिस नंबर गाडीला जन्मभर चिकटलेला असतो. म्हणून परत जाऊन काचेखालचा, दाराच्या पिलरवरचा आणि बॉडीवर ठोकलेला, असे तिन्ही नंबर अक्षर-अक्षर जुळवून घेतले.

मग पाच अहवाल टेबलावर ओळीने मांडले आणि आधी किलोमीटर लिहून काढले. ३८,२००. ५२,६००. ६७,१००. ७०,३००. ८१,९००. चौथ्या आकड्याशी अडखळलो. दर वर्षी चौदा-साडेचौदा हजार पळणारी गाडी एका वर्षात फक्त तीन हजार? मीटर मागे फिरवल्याचा संशय आधी इथेच येतो. पण त्या वर्षाचं सर्व्हिसचं जॉब कार्ड मिळालं, त्यावर ६९,८०० लिहिलेलं होतं आणि तारीखही बरोबर दोन तपासण्यांच्या मधली. मालक ते वर्षभर कामासाठी बाहेर होते. संशय खोटा ठरला आणि मला बरं वाटलं.

खरी गोष्ट निकालाखालच्या शेऱ्यांमध्ये होती. बारीक अक्षरांतली एक ओळ: 'पुढचा डावा टायर, आतल्या कडेने जास्त झीज.' ५२,६०० वर हा शेरा. त्यानंतर पुढचे टायर बदलल्याचं बिल फाईलमध्ये होतं. ६७,१०० वर पुन्हा तोच शेरा, तोच कोपरा, तीच कड. ७०,३०० वर काही नाही. ८१,९०० वर पुन्हा तोच. गाडी प्रत्येक वेळी पास झाली, कारण त्या दिवशी टायरला पुरेशी नक्षी शिल्लक होती. तपासणीत गाडी त्या दिवशी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का, एवढंच बघतात. इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडत नाहीत, आणि टायर का झिजला हे शोधणं त्यांचं कामही नाही. त्यांनी मात्र आपलं काम चोख केलं होतं. दिसलं ते तीनदा लिहून ठेवलं होतं.

पुढे बसवलेल्या कोऱ्या टायरांवर मी हात फिरवला. टायरच्या बाजूला उत्पादनाचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. पुढचे दोन्ही टायर जेमतेम तीन महिन्यांचे निघाले. म्हणजे झिजलेली कड आता कुणाला दिसणारच नव्हती, कागद सोडून.

भावाने गाडी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवायला, लावली. टो, म्हणजे चाकाचं पुढचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते, सेट झाला. कॅम्बर, म्हणजे चाक वरून किती आत-बाहेर झुकलंय ते, नाही झाला. उजवं चाक जवळजवळ सरळ, डावं चाक वरून दोन अंशांहून जास्त आत झुकलेलं. त्या गाडीत कॅम्बरला ॲडजस्टमेंटच नाही, त्यामुळे एवढा फरक दिसला की बहुधा काहीतरी वाकलेलं असतं. रॅम्पवर गाडी वर घेतली तेव्हा डावा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, नवा दिसला, उजवा मात्र मूळचा, मातीने माखलेला. रंगाची जाडी मोजली. बाकी बॉडीवर ११० ते १३० मायक्रॉन, डाव्या फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, चारशेच्या वर. म्हणजे तो दुरुस्त करून पुन्हा रंगवलेला. बोनेट उघडून भावाने टॉर्च धरला आणि डाव्या एप्रनवरची, म्हणजे फेंडरच्या आतल्या पत्र्यावरची, एक सुरकुती दाखवली. वर रंग होता, पण बोट फिरवलं की कळत होती. "फेंडर ठोकून सरळ होतो," तो म्हणाला, "एप्रन असा आत गेला की चाक मूळ जागेवर येत नाही."

मालकांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, एकदा कठड्याला लागली होती, दुरुस्त करून घेतली. त्यांच्या लेखी तो विषय तिथे संपला होता. मला त्यांचा राग आला नाही, पण लहान मुलांना घेऊन हायवेवर मी त्या चाकाच्या भरवशावर जाणार नव्हतो. नाही म्हणून सांगितलं.

महिनाभराने दुसरी गाडी बघितली. तिच्या फाईलमध्ये सरळ 'नापास' लिहिलेलं होतं आणि विकणाऱ्या बाईंना त्याचा संकोच वाटत होता. कारण: मागच्या ब्रेक पाइपांना गंज, हँडब्रेकची एक बाजू कमजोर. नऊ दिवसांनी पास. त्या नऊ दिवसांतलं बिल जोडलेलं होतं: दोन्ही पाइप, ब्रेक शू, केबल. बिलावरचे आणि फेरतपासणीचे किलोमीटर जुळत होते. त्यानंतरच्या दोन अहवालांत ब्रेकबद्दल एक अक्षर नाही. माझ्या मते नुसत्या पासांच्या रांगेपेक्षा असा एक नापास आणि त्याखालचं बिल जास्त मोलाचं आहे. दोष सापडला, मुळापासून काढला गेला आणि परत आला नाही, एवढं सगळं त्यात दिसतं.

तरी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावलाच. फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, नव्हते, पण भावाने लक्ष दिलं ते दुसऱ्याच आकड्याकडे: कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली. तिथे चार हजारांहून जास्त किलोमीटर होते आणि गाडीच्या स्वतःच्या सगळ्या चाचण्या पूर्ण झालेल्या दिसत होत्या. दाखवायच्या आदल्या दिवशी कुणी कोड पुसले असते तर हा आकडा अगदी लहान आला असता. ही गाडी घेतली.

गेल्या आठवड्यात माझ्या नावावर तिची पहिली तपासणी झाली. पास. शेरा एकच: 'मागच्या वायपरचं रबर फाटलेलं.' संध्याकाळी रबर बदललं आणि किलोमीटर लिहून बिल त्या अहवालाला टाचलं.